अभय बंग

डॉ. अभय ठाकुरदास बंग (जन्म: २३ सप्टेंबर १९५०, वर्धा) हे सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील भारतीय संशोधक, वैद्य, शिक्षक व मराठी लेखक आहेत. पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' (सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ) ही संस्था स्थापन केली. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला प्रशिक्षण देऊन नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याची जी पद्धत या संस्थेत विकसित झाली, ती 'गृह-आधारित नवजात बालसेवा' या नावाने ओळखली जाते. 'आशा' कार्यकर्त्यांच्या भारतभरातील कामात तिचा समावेश आहे. बंग यांचे संशोधन प्रामुख्याने विद्यापीठांच्या आवाराबाहेर, गावांतच झाले. त्यातील बरेचसे काम पती-पत्नींनी मिळून केलेले असल्याने एकाचे श्रेय दुसऱ्यापासून वेगळे काढणे अवघड आहे आणि तसा प्रयत्न फारसा उपयोगाचाही नाही.

बालपण व कौटुंबिक पार्श्वभूमी

अभय बंग यांचे वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक व सर्वोदयी कार्यकर्ते होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना कारावास झाला होता. पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यापूर्वी ते गांधीजींना भेटले, तेव्हा अर्थशास्त्र शिकायचे असेल तर भारतातील खेड्यांत जा, असा सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनी परदेशी जाण्याचा बेत रद्द केला, असे अभय बंग यांनी अनेक व्याख्यानांत सांगितले आहे. आई सुमन बंग याही सर्वोदयी चळवळीत होत्या. सेवाग्राम येथे गांधीजींच्या नई तालीम पद्धतीच्या शाळेत अभय यांचे बालपणीचे शिक्षण झाले. या शाळेत शेती, सफाई व स्वयंपाक हीच अभ्यासाची साधने होती. थोरले बंधू अशोक बंग यांच्याशी लहानपणीच कामाची वाटणी झाली, शेतीचा प्रश्न थोरल्याने घ्यायचा आणि आरोग्याचा धाकट्याने, ही आठवणही ते सांगतात. अशोक बंग यांनी पुढे खरोखरच शेतीच्या क्षेत्रात काम केले.

शिक्षण व किमान मजुरीचा अभ्यास

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून अभय बंग एम.बी.बी.एस. झाले व पुढे त्यांनी वैद्यकशास्त्रात एम.डी. पदवी घेतली. राणी चारी या त्यांच्या सहाध्यायी स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झाल्या. विवाहानंतर दोघांनी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत 'चेतना विकास' या संस्थेमार्फत काम सुरू केले.

या काळातील बंग यांचा पहिला गाजलेला अभ्यास वैद्यकीय विषयावरचा नव्हता. त्या सुमारास राज्यात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये होती. ही रक्कम ठरवताना मजुराच्या आहाराचा व कुटुंबाच्या गरजांचा जो हिशेब मांडला गेला होता, त्यातील चुका बंग यांनी आहारशास्त्राच्या आधारे दाखवून दिल्या आणि त्याच हिशेबाची नीट मांडणी केल्यास मजुरी १२ रुपये यायला हवी, असे प्रतिपादन केले. मजूर संघटनांनी हा अभ्यास उचलून धरला व पुढे शासनाने मजुरीत वाढ केली. दवाखान्यात बसून जितक्या लोकांचे आरोग्य सुधारता आले असते, त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या ताटावर कागदावरील एका गणिताने परिणाम केला. बंग यांच्या पुढील कार्यपद्धतीचे बीज या अनुभवात दिसते.

संशोधनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेण्यासाठी बंग दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी (एम.पी.एच.) घेऊन ते भारतात परतले.

गडचिरोली

गडचिरोली जिल्हा चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये निर्माण झाला. जंगलव्याप्त आणि गोंड व माडिया आदिवासींची मोठी वस्ती असलेला हा जिल्हा राज्यातील सर्वांत दुर्लक्षित भागांपैकी एक होता. १९८६ पासून बंग दांपत्याने येथे काम सुरू केले. तेंदूपत्त्याचे एक जुने गोदाम ही त्यांच्या संशोधनाची पहिली जागा होती. पुढे शहरापासून काही अंतरावर 'शोधग्राम' वसवण्यात आले. तेथील रुग्णालयाला लोकांच्या इच्छेनुसार माँ दंतेश्वरी या आदिवासी देवतेचे नाव दिले आहे. मोठ्या इमारतींतील दवाखान्याची लोकांना वाटणारी भीती लक्षात घेऊन त्याची रचना आदिवासी वस्तीच्या घरांसारखी ठेवण्यात आली.

सुरुवातीच्या काळात सर्चने आदिवासींमधील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास केला. शास्त्रीयदृष्ट्या निष्कर्ष महत्त्वाचे होते, परंतु लोकांना त्यात रस नव्हता, कारण हा त्यांनी विचारलेला प्रश्नच नव्हता. लोकांवर केलेले संशोधन आणि लोकांसाठी केलेले संशोधन यांतील भेद आपल्याला येथे उमगला, असे बंग सांगतात. यानंतरचे विषय गावकऱ्यांशी बोलून ठरू लागले.

स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास

या पद्धतीचा पहिला मोठा परिणाम राणी बंग यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात दिसला. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण व कुटुंबनियोजन या दोन गोष्टींपलीकडे सहसा जात नसे. जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची, त्यांना तक्रार असो वा नसो, तपासणी करण्यात आली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे आजारांची सरासरी ३.६ होती आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्या रुग्णांऐवजी संपूर्ण गावाची तपासणी केल्यामुळे, न बोलता सोसलेल्या दुखण्याचे प्रमाण प्रथमच आकड्यात मांडले गेले. प्रजनन आरोग्याचा व्यापक अर्थ मान्य करणारी कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषद १९९४ मध्ये भरली. त्याआधीच्या जागतिक चर्चेत या निबंधाचा वारंवार उल्लेख होत असे.

बालकांतील न्यूमोनिया

१९८८ च्या सुमारास गडचिरोलीतील बालमृत्यूंची गावोगावी नोंद सुरू झाली, तेव्हा न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले. न्यूमोनियावर स्वस्त प्रतिजैविक उपलब्ध होते. अडचण होती ती निदानाची. क्ष-किरण यंत्र सोडाच, गावात स्टेथोस्कोपही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने श्वासांच्या गतीवरून निदान करण्याची पद्धत सुचवली होती. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्याहून मोठ्या अर्भकाचे ५० किंवा अधिक श्वास झाले, तर न्यूमोनिया समजून उपचार करावेत, असा हा निकष होता.

परंतु गावातील दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. बहुतेकींची मोजणी बाराच्या पुढे जात नसे. यावर सर्चने 'श्वासमापक' हे साधे साधन तयार केले. लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि जोडीला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, असे त्याचे स्वरूप होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. एक ओळ दोन महिन्यांखालील बाळासाठी, दुसरी मोठ्या बाळासाठी. त्यामुळे दाईला दहाच्या पुढे मोजावे लागत नव्हते.

दाया, गावातील आरोग्य कार्यकर्ते व इतर कर्मचाऱ्यांना निदान करण्याचे व को-ट्रायमोक्साझोल हे औषध देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. ५८ गावांत हा उपक्रम राबवून ४४ गावांशी तुलना करण्यात आली. उपचार मिळालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. एका वर्षानंतर पाच वर्षांखालील बालकांतील न्यूमोनियामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर हजारी ८.१ झाला. तुलनेच्या गावांत तो १७.५ होता. १९९० मध्ये हे निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

गृह-आधारित नवजात बालसेवा

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाल्यावर उरलेल्या मृत्यूंचे स्वरूप स्पष्ट झाले. १९९३ ते १९९५ या काळात अभ्यासक्षेत्रातील अर्भक मृत्युदर हजार जन्मांमागे ७५.५ होता आणि त्यांपैकी नवजात, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा दर ६२ होता. पहिल्या वर्षात मरणाऱ्या पाच बालकांपैकी चार पहिला महिनाही पाहत नव्हती. आजारी नवजात बालकाला रुग्णालयातच हलवले पाहिजे, असा त्या वेळच्या वैद्यकशास्त्राचा आग्रह होता. प्रत्यक्षात बाळंतपणे घरी होत, बाळंतीण व बाळ काही दिवस खोलीबाहेर पडत नसत आणि रुग्णालय दूर असे. सर्चने ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी निरीक्षण केले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. ती पुरवली गेली फक्त २.६ टक्के बालकांना.

एका रात्री कोसळत्या पावसात एक आई आपले तान्हे बाळ घेऊन आपल्याकडे आली आणि ते बाळ तपासतानाच दगावले, हा प्रसंग बंग यांनी सांगितला आहे. त्या एका मृत्यूमागे त्यांनी अठरा कारणांची साखळी मोजली. तीत दारिद्र्य होते, आईचे कुपोषण होते, अंधश्रद्धा होत्या, नदीवर नसलेला पूल होता. मात्र साखळी तोडायला अठरा कड्या तोडाव्या लागत नाहीत, एखादी नेमकी कडी पुरते, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष होता.

रुग्णालय घरी न्यायचे, असा निर्णय झाला. प्रत्येक गावातील पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या एका स्त्रीची निवड करून तिला 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. ती बाळंतपणाच्या वेळी हजर राही आणि बाळाच्या वाट्याचे काम पाही. बाळ रडले नाही तर श्वास सुरू करणे, वजन करणे, ऊब टिकवण्यासाठी खास शिवलेल्या उबदार पिशवीत ठेवणे, लगेच अंगावर पाजायला लावणे ही तिची कामे होती. नंतर महिनाभर ठरावीक दिवशी ती घरी जाई. जंतुदोषाची लक्षणे आढळल्यास आईवडिलांना रुग्णालयात जाण्याचा सल्ला देई आणि त्यांनी नकार दिल्यास, त्यांच्या संमतीने, जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने द्यायचे को-ट्रायमोक्साझोल देई.

या प्रयोगात ३९ गावांत सेवा देण्यात आली व ४७ गावांशी तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, सेवा मिळालेल्या गावांतील नवजात मृत्युदर २५.५ पर्यंत उतरला. तुलनेच्या गावांतील बदल जमेस धरता ही घट ६२ टक्के होती. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. दर बालकामागे खर्च सुमारे ५.३ अमेरिकी डॉलर होता आणि सेवा मिळालेल्या दर १८ नवजात बालकांमागे एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'ने हा निबंध प्रसिद्ध केला.

चर्चा व आक्षेप

प्रयोगावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले गेले. पहिला पद्धतीचा होता. गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती आणि तुलना मुळात दोन सलग प्रदेशांत होती. शिवाय सर्चसारखी निष्ठावान संस्था जे करू शकते ते सरकारी यंत्रणेला जमेल काय, हा प्रश्न होताच. याचे उत्तर पुढील अभ्यासांनी काही अंशी दिले. महाराष्ट्रात 'अंकुर' प्रकल्पाद्वारे सात ठिकाणी अन्य संस्थांनी ही पद्धत राबवली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत तिची चाचणी घेतली. बांगलादेशातील सिल्हेट येथील यादृच्छिक प्रयोगात २००८ मध्ये घरभेटींमुळे नवजात मृत्युदरात ३४ टक्के घट दिसली. गडचिरोलीच्या मानाने ती कमी असली, तरी दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकासाठी घरभेटींची शिफारस केली.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. डॉक्टर नसलेल्या स्त्रीच्या हाती इंजेक्शनची सुई द्यावी काय? सुरक्षिततेची काळजी यामागे होती, तशीच व्यवसायाच्या हद्दीचीही होती. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांसाठी गृह-आधारित नवजात सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा व घरी जन्मलेल्या बाळासाठी सात घरभेटी आणि त्यासाठी २५० रुपये मोबदला त्यात ठरला. आशांच्या प्रशिक्षण पुस्तिकांची रचना बरीचशी गडचिरोलीच्या अनुभवावर आधारलेली आहे. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती देण्यात आले नाही. २०१४ मध्ये, बाळाला रुग्णालयात हलवणे शक्य नसेल अशा वेळी जेंटामायसिन देण्याची मुभा परिचारिकांना (ए.एन.एम.) देण्यात आली. गडचिरोलीतील मृत्यू कमी होण्यात जंतुदोषाच्या उपचारांचा मोठा वाटा होता. त्यामुळे राष्ट्रीय कार्यक्रमाचे यश मोजताना तो गडचिरोलीतील मूळ प्रयोगाची हुबेहूब आवृत्ती नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

बालमृत्यूंची मोजणी

आपल्या क्षेत्रातील प्रत्येक जन्म व मृत्यू मोजण्याची सर्चची शिस्त राज्य पातळीवरही उपयोगी पडली. महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागात केलेल्या पाहणीवर आधारित 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शासकीय नोंदींत बालमृत्यूंचा मोठा भाग येतच नाही, असे त्यातून दिसले आणि विषय विधिमंडळापर्यंत व न्यायालयापर्यंत गेला. शासनाने बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मृत्यू लपवल्याने आकडा सुधारतो, बालक वाचत नाही, एवढी साधी गोष्ट प्रशासनाच्या गळी उतरवायला एका दशकाहून अधिक काळ गडचिरोलीत जमवलेल्या नोंदी कामी आल्या.

आदिवासी आरोग्य

केंद्रीय आरोग्य व आदिवासी कल्याण या दोन मंत्रालयांनी २०१३ मध्ये आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली. बंग तिचे अध्यक्ष होते. २०१८ मध्ये सादर झालेल्या अहवालाने देशातील १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के असलेल्या आदिवासींच्या आरोग्याचे चित्र एकत्रित मांडले. आदिवासींची आरोग्यविषयक माहिती वेगळी काढलीच जात नाही, हे समितीने नोंदवलेले एक मोठे व्यंग होते.

महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या मुद्द्याचे महत्त्व विशेष जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. शहादा तालुक्यातील म्हसावदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून अक्राणी तालुक्यातील डोंगरी पाड्यांकडे निघाले की रस्ता, बोली आणि रुग्णालयापर्यंतचे अंतर या तिन्ही गोष्टी बदलतात. जिल्ह्याची सरासरी हा फरक झाकून टाकते. विखुरलेल्या पाड्यांवर घरोघरी जाणारी, तीच बोली बोलणारी स्त्री हीच तेथील आरोग्यसेवेची पहिली पायरी आहे. गडचिरोलीचा अनुभव या जिल्ह्याला जवळचा वाटतो तो यामुळेच.

व्यसनमुक्ती व असंसर्गजन्य आजार

गडचिरोली जिल्ह्यातील दारूविरोधी चळवळीत बंग दांपत्याचा सक्रिय सहभाग होता. १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू आहे. पुढे दारू व तंबाखू नियंत्रणासाठी 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू झाला. आजारांचे स्वरूप बदलत गेल्याचे सर्चच्या नंतरच्या संशोधनात दिसते. डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी ८६ गावांत केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आढळले (१४.३ टक्के मृत्यू).

अध्यापन

बंग यांच्या अध्यापनाचा मोठा भाग वर्गाबाहेरचा आहे. प्रथम दाया, मग आरोग्यदूत, नंतर विविध राज्यांतून आलेले आशांचे प्रशिक्षक हे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे विद्यार्थी राहिले. वाचता न येणाऱ्या प्रौढ स्त्रीला वैद्यकीय कौशल्य कसे शिकवावे, याचे तंत्र या प्रशिक्षणातून घडले. अवघड क्रियेचे लहान लहान टप्पे पाडणे, चित्रे वापरणे, प्रत्येक टप्पा करून दाखवणे व करवून घेणे आणि प्रत्यक्ष कामावर देखरेख ठेवून चुका लगेच दुरुस्त करणे अशी ती पद्धत आहे. देखरेखीचा हा शेवटचा भाग खर्चीक असल्याने सरकारी अनुकरणात बहुधा तोच प्रथम गळतो. २००६ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातील तरुणांसाठी 'निर्माण' हा शिक्षणक्रम सुरू केला. त्यातून गेलेले अनेक तरुण डॉक्टर ग्रामीण व आदिवासी भागांत काम करतात.

लेखन व सन्मान

१९९५ मध्ये आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर लिहिलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे बंग यांचे पुस्तक मराठीत अतिशय लोकप्रिय झाले. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते नोंदवले आहे, तर 'कानोसा' मध्ये त्यांच्या प्रजनन आरोग्याविषयीच्या समजुती. बंग दांपत्याला २००३ मध्ये महाराष्ट्र शासनाचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार व २०१८ मध्ये भारत सरकारचा पद्मश्री सन्मान मिळाला. २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जागतिक आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या यादीत त्यांचा समावेश केला होता.